लावताच दिसेनासं होणारं औषध

तेलाचं आणि पाण्याचं कधी पटलंय का? पण या संशोधक बाईनं ते पटवून दाखवलं होतं. गुडघेदुखीचं औषध तिनं तेलाच्या इतक्या बारीक थेंबांत भरलं, की बाटलीतलं मिश्रण पाण्यासारखं नितळ दिसायचं. प्रयोगशाळेत कौतुक झालं आणि बाई हवेत गेली. चाचण्या बाकी असतानाच एक बाटली पर्समध्ये टाकून तिनं घरी सासूबाईंना दिली. "थोडंसंच लावा हं, आई," एवढं बजावलं, झालं.

आज कातडीवरच्या चाचणीचा निकाल आला. साध्या मलमाच्या चौपट औषध आत शिरत होतं. सहकारी टाळ्या पिटत होते आणि हिच्या पायाखालची जमीन सरकली. सासूबाईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. त्यात हे औषध रक्तात जास्त गेलं, तर आतल्या आत रक्त वाहायची भीती! हे तिला पाठ होतं. पण वरून लावायचं ते, आत असं जाऊन जाऊन किती जाणार, असं ती धरून चालली होती. अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

तिनं घरी फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. रिक्षात बसल्या बसल्या तिनं नको नको ते सगळं डोळ्यांसमोर आणलं.

दार सासूबाईंनीच उघडलं, तेही काठीशिवाय!

"अगं, खाली बागेत जाऊन आले! फोन घरीच राहिला. तुझं औषध म्हणजे जादू आहे बाई."

"आई, किती लावता तुम्ही?"

"लावलं की दिसेनासंच होतं मेलं. ना चिकट, ना वास. मला वाटतं लागलंच नाही, मग पुन्हा लावते. खांद्यांना लावलं, कमरेला लावलं. संपत आलंय, दुसरी बाटली आण."

सुनेनं त्यांची बाही वर केली. दंडावर निळेजांभळे डाग होते. दुसऱ्या हातावरही.

"कुठे आपटलात?"

"कुठेच नाही गं. आपोआप उठलेत."

"आई, चूक माझी आहे. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय."

"चल की. आता जिना मी एकटी उतरते, बघच तू!" म्हणत त्या खुशीत निघाल्यासुद्धा.

सून धावली. आधाराला तिनं हात पुढे केला, पण त्यांना धरायचं कुठे, तेच तिला कळेना.