दर्भाचा भागोजी

महिपतने दिवस ठरवला तो तुळसावहिनीला विचारून नव्हे, भटजींना विचारून. त्याचा थोरला भाऊ भागोजी बोटीवर भट्टीत कोळसा घालणारा आगवाला म्हणून गेला, त्याला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला मेला असं धरायचं, दर्भाचा माणूस करून जाळायचा आणि बायकोने कुंकू पुसायचं, अशी रीत. भटजी म्हणाले, सध्या दक्षिणायन चालू आहे, या दिवसांत जिवाला वाट मिळत नाही. संक्रांत होऊ द्या, सूर्य वळू द्या, किंक्रांत टाळा आणि मग उरकून घ्या. पाली गावातली माणसं थंडीने काकडत सूर्य वळायची वाट बघत होती. तुळसाच्या घरातही तीच वाट बघणं चाललं होतं, फक्त इथे अंगणात दर्भ वाळत होता.

तुळसा काही बोलली नाही. एरवीही ती फारशी बोलत नसे, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. पण भागोजी जिवंत आहे हे तिला ठाऊक होतं, आणि साऱ्या गावात फक्त तिलाच ठाऊक होतं.

गेल्या पावसाळ्यात, बोटी बंद असताना, किनाऱ्यावरचा मुसा खलाशी घाटीचा चढ चढून तिच्या दारी आला होता. पडवीत बसला, पाणी प्याला, पुन्हा पाणी मागितलं. तेव्हाच तुळसाने ओळखलं की बातमी काही धड नाही.

"भाबी, भागोजी मोरस बेटावर हाय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "गोदीत काम करतो. घर केलंय तिथं. बायको हाय, दोन पोरं हायत."

"तब्येत बरी हाय ना?" तुळसाने विचारलं. तिला दुसरं काही सुचलंच नाही. पुढे कितीतरी दिवस तिला आपल्याच या प्रश्नाची चीड येत होती.

"बरी हाय. तुझ्याबद्दल काय बोलला नाय." एवढं सांगून मुसाला वाईट वाटलं असावं, कारण मग तो उगाच त्या बेटाबद्दल सांगत बसला. तिथे उसाची शेतं आहेत, तिथूनच पूर्वी मोरस साखर यायची. आणि आपल्याकडे संक्रांत असते तेव्हा तिथे ऐन उन्हाळा. "दुपारी सूर्य बरोबर टाळूवर येतो, भाबी. माणसाला सावलीच रवत नाय."

ही गोष्ट तुळसाने कोणाला सांगितली नाही. एक तर लाज वाटली. मेलेल्या नवऱ्याच्या बायकोला लोक हळहळतात, टाकलेल्या बायकोकडे नुसतं बघतात. आणि दुसरं कारण याहून खुळं होतं. तिला अजून आशा होती.

त्या आशेलाही कारण होतं. लहानपणी आईने तिला सांगितलं होतं की थंडीत सूर्य दक्षिणेला रुसून जातो, त्याला तिळगुळाचा वास दाखवला की परत येतो. पोरीने तिळगूळ ठेवला, सूर्य आला. दुसऱ्या वर्षी ठेवला, पुन्हा आला. इतका रोकडा अनुभव आल्यावर शहाणं माणूसही फसेल, तुळसाचं काय घेऊन बसलात. भागोजी गेल्यापासून दर संक्रांतीला ती एक लाडू शिंक्यात ठेवत असे. वर्षभराने तो दगड व्हायचा, मग ती नवा ठेवायची. मुसा येऊन गेल्यावर तिला कळलं होतं की दक्षिणेतून वळून येणारा हा सूर्य भागोजीच्या डोक्यावरून येतो. फरक इतकाच की सूर्याला तिकडे कोणी ठेवून घेतलं नव्हतं.

संक्रांत आली. इतकी वर्षं तुळसाचं सुगड घ्यायला बायका बिचकायच्या. नवरा आहे की नाही याचा भरवसा नाही, तिच्या हातचं वाण कसं घ्यायचं? यंदा मात्र महिपतची बायको सोनूबाई घरोघर सांगत फिरली, "अक्काची शेवटची संक्रांत हाय गो, या सगळ्याजणी." आणि सगळ्याजणी आल्या. दारापुढचं खळं माणसांनी भरलं. पावट्याच्या शेंगा, उसाची कांडकी, बोरं घातलेली सुगडं या हातातून त्या हातात गेली. म्हाताऱ्या येसूबाईने तिला रुपयाएवढं कुंकू लावलं. कोणी बांगड्या चढवल्या, कोणी ओटी भरली, आणि तुळसा हसली. तिला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटत होती, कारण ही माया उद्याच्या विधवेसाठी होती. तो जिवंत आहे म्हटलं असतं, तर खळं पुन्हा रिकामं झालं असतं.

सोनूबाई गळ्यात पडून रडली. "थोरल्या भावजींची एक खबर जरी आली असती, अक्का."

शब्द तुळसाच्या ओठांवर आला. बोलली असती तर कुंकू राहिलं असतं. शिंक्यातला लाडूही राहिला असता, पुढच्या संक्रांतीला, त्याच्या पुढच्या संक्रांतीला. तिने पदराने सोनूबाईचे डोळे पुसले. सगळ्या गेल्यावर ती एकटीच ओटीतले तांदूळ निवडत बसली आणि नवीनच भीतीने तिला धरलं. जित्या माणसाचा दर्भ जाळला तर त्याचं आयुष्य तुटतं म्हणतात. ती दोन पोरं काय करतील? त्यांनी हिचं काय वाईट केलं होतं?

किंक्रांत सरली. वहाळाच्या कडेला भटजींनी दर्भाचा माणूस निजवला. महिपतने त्याच्या डोक्याला भावाचं जुनं मुंडासं बांधलं होतं. रीतीप्रमाणे आग देण्याआधी दक्षिणेकडे तोंड करून तीन हाका मारायच्या असतात. महिपत पुढे झाला.

"भावजी, मी मारते," तुळसा म्हणाली.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. उखाण्याबाहेर तिने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"भागोजी," तिने हाक मारली. पहिली हाक तिची तिलाच जेमतेम ऐकू आली. दुसरी मोठी होती. तिसऱ्या हाकेला वहाळातले बगळे उडाले. मग ती थांबली. खरोखरच ओ येण्याची वाट बघत थांबली. तिकडेही दुपार होत आली असेल, तो गोदीतून बाहेर पडला असेल, पायाशी सावली नसेल. नाव ऐकल्यागत तो क्षणभर तरी थबकला असेल का? भटजी खाकरले. वहाळाचं पाणी वाहत होतं. दुसरा काही आवाज आला नाही.

तुळसाने वर सूर्याकडे पाहिलं आणि त्याला मनात सांगितलं की त्या पोरांचा बाप सुखी राहू दे, त्याला काही होऊ देऊ नकोस. मी जाळते आहे तो माझा नवरा, तो इथला होता.

मग तिने कनवटीला बांधून आणलेला शिंक्यातला लाडू सोडला आणि दर्भाच्या हातावर ठेवला.

"तिळगूळ घ्या," ती हळूच म्हणाली. "गोड नाय बोललात तरी चालेल आता."

कुंकू पुसायला येसूबाई पुढे येण्याआधीच तिने आपल्या हाताने कपाळ पुसलं आणि महिपतला म्हणाली, "लावा, भावजी."