दोनशे चौदा पैकी दोनशे चौदा

निरीक्षण

सभागृहातल्या माणसांनी एकदम फोनवरच्या बटणावर अंगठा दाबला आणि पडद्यावरचे हिरवे खांब वाढू लागले.

आधी दोन होते. मग चार, मग नऊ. सोळावा उभा राहिला तेव्हा सभागृहातून "अरे बाप रे" असा एकच आवाज उठला. मागच्या रांगेतल्या एका आजींनी हात जोडले. फोन हातातच असल्यामुळे तोही जोडला गेला.

"बघा, तुम्ही मागताय, ढग देतोय," क्लाउड विकायला आलेले ढगवाले साहेब माइकवर हलक्या आवाजात म्हणाले. "एक यंत्र थकलं की दुसरं उभं. दुसरं थकलं की दहा उभी. गर्दी ओसरली की आपोआप निजतात. कुठे आहेत ती यंत्रं? कुठेच नाहीत! आणि सगळीकडे आहेत."

"वा!" रक्तसेवा संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

पडद्याच्या कोपऱ्यात आकडा झळकला. जोडलेले: २१४ पैकी २१४.

साहित्य

रक्तदात्यांची यादी, नावं अकरा हजार. ती चालवणारा सर्व्हर, जिन्याखालच्या कपाटात, गरम होऊ नये म्हणून समोर टेबलफॅन. त्या फॅनची काळजी घेणारा वायरमन. आणि फोनताई.

फोनताई बावीस वर्षं रक्तसेवेच्या टेबलावर होत्या. गरजू माणसाचा फोन आला की यादी उघडायची, दाता शोधायचा, त्याला फोन लावायचा. त्यांची एकच खोड होती. दात्याला वार, वेळ, पत्ता सांगून झाला की त्या म्हणायच्या, "आता मला परत सांगा." लोक वैतागायचे. पण आपण बोललो म्हणजे समोर पोचलंच असं नसतं, हे बावीस वर्षांत त्यांनी बऱ्याचदा पाहिलं होतं.

नवी सोय नको, असं त्यांचं मुळीच म्हणणं नव्हतं. गेल्या महिन्यात मोठा अपघात झाला, हजारो लोकांनी एकदम यादी उघडली आणि कपाटातलं यंत्र चार तास अडून बसलं. ताईंनी जुन्या वहीतून फोन केले. संध्याकाळपर्यंत घसा बसला. तेव्हा क्लाउड हवाच होता.

खटकली ती अट. "आज पाच वाजता जुना सर्व्हर बंद करायचा आणि पुसून कोरा करायचा," ढगवाले म्हणाले होते. "यादी दोन ठिकाणी राहिली तर ढग धरत नाही."

आज सोमवार. ताईंच्या भावाच्या मुलीला दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. गट दुर्मीळ, यादीत त्याचे दाते सात. पुढची पिशवी गुरुवारी.

शंका

आकडा २१४ कसा आला?

दारावरच्या वहीत सह्या २१४ होत्या, हे खरं. त्यांत ताईंची सही होती. पण सगळे अंगठा दाबत होते तेव्हा ताई भिंतीशी उभ्या राहून गुरुवारच्या दात्याशी बोलत होत्या. फोन कानाला होता. त्यांनी काहीच दाबलं नव्हतं.

शेजारी अध्यक्षांचे वडील बसले होते. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. ते पाच नंबरचं बटण मन लावून दाबत होते.

म्हणजे निदान दोन कमी.

"वायरमनदादा, तुम्ही दाबलंत?" ताईंनी विचारलं.

"कसलं दाबतोय, माझी बॅटरी उतरली."

तीन.

कृती

साडेचारला चहा झाला. ढगवाले अध्यक्षांबरोबर त्यांच्या खोलीत गेले. पावणेपाचला शेवटचं प्रात्यक्षिक आणि मग कपाट बंद, असं ठरलेलं.

ताई पहिल्या रांगेच्या टोकाला गेल्या. "पुढच्या वेळी फोन वर धरायचा, पण दाबायचं नाही. शेजाऱ्याला सांगा. आता मला परत सांगा."

"फोन धरायचा, दाबायचं नाही."

"का पण?" दुसऱ्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं.

"ढग खरा असेल तर खांब हलणार नाहीत. मग मी सगळ्यांदेखत माफी मागेन."

"आणि हलले तर?"

"तर तुम्हीच सांगा."

निरोप रांगारांगांतून गेला आणि परत आला. आजींनी तो तीनदा परत सांगितला.

ढगवाले आले. "सज्जनहो, मन एकाग्र करा. तीन, दोन, एक, दाबा!"

दोनशेवर हात उंचावले. दोनशेवर अंगठे हवेत थांबले. अध्यक्षांना निरोप मिळाला नव्हता. त्यांनीच तेवढं दाबलं, तेही दोनदा.

पडद्यावर दोन खांब. चार. नऊ. सोळा.

जोडलेले: २१४ पैकी २१४.

या वेळी कुणी "अरे बाप रे" म्हणालं नाही.

"बघा, तुम्ही मागताय..." ढगवाले म्हणाले आणि थांबले. समोर अंगठे अजून हवेतच होते.

"आम्ही काहीच मागितलं नाही हो," आजी म्हणाल्या.

पुन्हा निरीक्षण

वायरमन लॅपटॉपपाशी गेला आणि त्याने माउस हलवला. पडद्याच्या तळाशी एक पट्टी उमटली. चाळीस सेकंदांपैकी एकतीस झाले होते.

"साहेब, हा पिक्चर आहे."

"ते प्रतीकात्मक आहे," ढगवाले म्हणाले.

"आणि आकडा?"

आकडा त्यांनी वहीतल्या सह्या मोजून टाइप केला होता. लोकांच्या फोनवरचं बटण दाबल्यावर फक्त हिरवं व्हायचं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

"माझं पण?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुमचं पण."

"आमची यादी कुठे आहे?" ताईंनी विचारलं. "उतरवून घेतलीत ना सकाळी?"

ढगवाल्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. स्कूटरच्या किल्लीशेजारी एक पेनड्राइव्ह लोंबत होता. अकरा हजार दाते, अंगठ्याएवढ्या जागेत.

पाच वाजले. कपाट बंद झालं नाही. अध्यक्षांनी स्वतः जाऊन फॅनचा वेग वाढवला.

अनुमान

गुरुवारी दाता आला. मुलीला रक्त मिळालं.

दोन महिन्यांनी रक्तसेवेने खरा क्लाउड भाड्याने घेतला. तो सगळीकडे नाही; एका मोठ्या इमारतीत आहे. तिथे यंत्रांच्या रांगा असतात, त्यांना वीज लागते, तीही गरम होतात. आपल्याकडे गर्दी झाली की त्यांतली जास्त यंत्रं आपल्या कामाला लागतात, ओसरली की दुसऱ्याच्या. यात रडण्यासारखं काही नाही.

ताईंनी आधी सगळ्यांना फोनवर यादीचं बटण दाबायला लावलं, पडद्यावर खांब वाढले. मग थांबायला लावलं, खांब उतरले. एक यंत्र मुद्दाम बंद करायला सांगितलं. यादी चालू राहिली. मग एका नव्या दात्याचं नाव घातलं आणि दुसऱ्या गावातल्या भावाला फोन केला. "यादी उघड. शेवटचं नाव मला परत सांग."

भावाने सांगितलं. मगच जिन्याखालचा फॅन थांबला. सर्व्हर मात्र पुसला नाही. आणखी महिनाभर तसाच ठेवला.

आपलंही एवढंच सांगणं आहे. चमत्कार दाखवणारा नेहमी काहीतरी करायला लावतो: दाबा, डोळे मिटा, हात जोडा. भांडू नका त्याच्याशी. फक्त एकदा, त्याने सांगितलेलं न करता, काय होतं ते बघा.