घोरपड-आजोबांची टोपली

मी एक जुनी गवताची टोपली आहे, मित्रांनो. टोपल्यांना आपली गोष्ट सांगायची हौस असते, मला मात्र तोंड दाखवायचीही लाज वाटते. तरी आता झाकण काढून बसलेच आहे, तर सांगते.

लमिसी आत्याने मला विणले. काडी दातांनी चिरायची, मांडीवर पीळ द्यायचा, उकळत्या रंगात बुडवायची. तिचे आठ दिवस माझ्यावर गेले. बोल्गा गावच्या बाजारातल्या बायका मला उलटी करून बघत आणि म्हणत, "बुडातून पाणीसुद्धा गळायचं नाही गं हिच्या!" मी फुगून जाई. आत्याने मला विकले नाही, घरीच ठेवले.

त्याच वर्षी आत्याचे वडील, अनाफो आजोबा, वारले. पुढे पेरणीच्या दिवसांत बाजरीच्या शेतात कुदळीखाली एक बीळ फुटले आणि आत घोरपडीची पाच पिल्ले निघाली. आमच्या घराण्यात घोरपड मारत नाहीत, खात नाहीत. गेलेले माणूस वर्षाच्या आत घोरपड होऊन घरी डोकावून जाते, असे आमच्यात मानतात. आत्याच्या भावाची मुलगी याम्पोका तेव्हा नऊ वर्षांची होती आणि आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिने बिळापाशी बसकणच मारली. चार पिल्ले अंग फुगवून फुसफुसत होती, शेपटीचे फटकारे मारत होती. पाचवे डोळे अर्धे मिटून गप्प पडले होते.

"हेच आजोबा!" याम्पोका ओरडली. "आजोबा कधी कुणावर खेकसायचे का?"

"नाही गं बाई. तुझी आजी दोघांच्या वाटचं खेकसून घ्यायची," आत्या म्हणाली आणि तिने मला पुढे केले.

आता आमचा शहाणपणा ऐका. आजोबांना मातीत कसे बसवायचे? म्हणून ते माझ्या स्वच्छ, घट्ट बुडावर. म्हाताऱ्या माणसाला ऊन सोसत नाही, म्हणून मी कायम आतल्या गार खोलीत. सकाळी बाजरीच्या पिठाचे पाणी आणि दुपारी शियाच्या बियांतून काढलेल्या लोण्यात परतलेले गिनी कोंबडीचे मांस. येणारा-जाणारा वाकून विचारी, "आजोबा, रात्र बरी गेली ना?" आणि जाता जाता म्हणे, "टोपली काय देखणी आहे!" मला तेवढेच ऐकू येई.

पिल्लू दिवसभर माझे बूड नखांनी खरवडत असे. माझ्या विणीवर याचा जीव जडला आहे, असे मी समजले.

रस्त्याच्या कडेला सायकली दुरुस्त करणारा बायोर हा पलीकडच्या दगाबा लोकांतला. त्यांचे नि आमचे पिढ्यान्पिढ्या थट्टेचे नाते. त्यांनी आम्हाला काहीही म्हणावे, आम्ही रागवायचे नाही. आणि त्यांचे बोलणे खरेही धरायचे नाही.

"काय गं माझ्या गुलामिणी," तो दारातूनच म्हणाला, "बापाला टोपलीत कोंडलंस? जिवंतपणी फार पळायचा वाटतं?"

"तू दिसलास की पळायचा," आत्या म्हणाली. "तुला फुकटची दारू पाजावी लागायची ना!"

बायोरने आत डोकावले. "अगं, हे नखं झिजवतंय. माती दे याला, हातभर खोल. उकरू दे. उन्हात ठेव. नाकतोडे खाऊ दे. लोणी कसलं चारतेस?"

"ऐकलंस का पोरी? हा दगाबा आपल्या आजोबांना किडे चारायला सांगतोय!"

याम्पोका पोट धरून हसली. दारातल्या बायका हसल्या. मीही मनातल्या मनात हसले. त्यानंतर तो आणखी दोनदा तेच सांगून गेला, आणि दोन्ही वेळा आम्ही आधीपेक्षा जास्त हसलो.

पिल्लू जाडजूड झाले. "आजोबा अंगाने भरले," म्हणून घरात समाधान होते. मग एके दिवशी खरवडणे थांबले. मित्रांनो, खरे सांगते, तेव्हा मला हायसे वाटले. चला, माझी वीण वाचली!

चौथ्या खेपेला बायोर आला, त्याने आत पाहिले आणि काहीच बोलला नाही. आत्याच्या हातातली काडी थांबली.

"बोल की रे," ती म्हणाली. "गुलामीण तरी म्हण."

त्याने पिल्लाला उचलून उन्हात, भुसभुशीत मातीवर ठेवले. पिल्लाने पुढचा पाय एकदा मातीत ओढला, तेवढाच. दिवस मावळायच्या आत ते गेले.

घराण्याच्या रीतीप्रमाणे त्याला अंगणाबाहेर पुरायचे ठरले. अशा वेळी थट्टेच्या नात्यातल्या माणसाने खड्ड्यात उतरून सोंगे करायची, रडणाऱ्यांना हसवायचे. सगळे बायोरकडे बघू लागले. तो काठावर बसला आणि त्याने हाताने माती चाचपली.

"छान खणलाय," तो म्हणाला. "हातभर खोल. एवढंच तर मागत होता तो."

कुणी हसले नाही.

"काका, तुम्ही तीनदा सांगितलंत," याम्पोका म्हणाली. "मी तिन्ही वेळा हसले."

"तुझं वयच हसायचं आहे, पोरी," आत्या म्हणाली. "माझं नव्हतं." आणि तिने पदराने नव्हे, मातीने भरलेल्या हातांनीच तोंड झाकले.

मित्रांनो, त्या दोघींना निदान कुणीतरी सांगितले तरी होते. मला कुणी सांगायची गरजच नव्हती. त्याचे मागणे दिवसरात्र माझ्याच अंगावर उमटत होते, आणि मी ते कौतुक समजले. म्हणून हात जोडून विनवते. पिल्लू आणायचेच असेल तर फुसफुसणारे, अंगावर धावून येणारे आणा. गप्प पडलेले गुणी असते असे नाही, ते आजारी असू शकते. त्याला तुमचा मान नको असतो. त्याला त्याची माती, त्याचे ऊन, त्याचे किडे हवे असतात. ते देणे जमणार नसेल, तर बिळावर पुन्हा माती ओढा आणि घरी या.

ते पिल्लू मनाजोगे उकरत जगले असते, तर मी केव्हाच फाटून गेले असते. तसेच व्हायला हवे होते.