फोटोतला हात

आमच्याकडे जेवायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला एक फोटो बघावाच लागतो. भारतातून नवीन कुणी नोकरीच्या पासवर सिंगापूरला आलं, की घरचं पहिलं जेवण बुकित पंजांगला आमच्या फ्लॅटवर. आणि मी रस्सा वाढायला घेतला रे घेतला, की धम्मदीप खिशातून मोबाइल काढणार. "हे बघा. भोक सुईच्या टोकाएवढं होतं फक्त." फोटोत एक हात असतो. तर्जनी काळीनिळी पडलेली, तळव्यापर्यंत चिरलेली. पाहुण्याचा घास हातातच राहतो.

धम्मदीप माझा नवरा. डिझेल इंजिनात इंधन प्रचंड दाबानं फवारतात, तो फवारा मारणारे इंजेक्टर ज्या लॅबमध्ये तपासले जातात तिथे तो इंजिनियर आहे. नव्या लोकांना पहिल्या दिवशी सुरक्षेचं व्याख्यानही हाच देतो. स्लाइड तीनवर तो फोटो. माझी नोकरी पाया लेबारला, विम्याच्या ऑफिसात. इंजिनाशी माझा संबंध बसमध्ये चढण्याउतरण्यापुरता. पण ते व्याख्यान मला झोपेतसुद्धा म्हणता येईल. चालू इंजिनातली गळती हातानं शोधायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. बारीक फवारा डोळ्यांना दिसत नाही. कातडी फोडून तो आत जातो आणि डिझेल बोटभर पसरतं. सगळ्यात वाईट म्हणजे सुरुवातीला ते दुखतच नाही.

"दुखत नाही म्हणून हा वेडा घरी जाऊन झोपला," असं म्हणून धम्मदीप फोटोतल्या माणसावर हसायचा. स्लाइडखाली त्यानं लिहिलं होतं, 'एक निष्काळजी कामगार'. मी किती वेळा म्हटलं, अरे बाबा, जेवताना तरी नको, डिलीट कर ते. तर म्हणे, "संजीवनी, या फोटोनं लोकांची बोटं वाचतात." बरं बाबा, वाचू देत.

त्या रविवारी आम्ही पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला निघालो. आम्ही दोघं आणि लेक ऋचा. चांगीच्या धक्क्यावरून बमबोट सुटते. जुनी लाकडी होडी, मध्यभागी खोक्याखाली डिझेल इंजिन, बारा माणसं भरली की चालू. बोट निघाली आणि धम्मदीपची मान वाकडी झाली. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकूनही हा माणूस मध्येच बोलायचा थांबतो, इथे तर इंजिन शेजारीच होतं.

"एक सिलिंडर नीट पेटत नाहीये," तो म्हणाला.

"तू तिकडे बघ. समुद्र बघ," मी म्हटलं.

समुद्र कसला बघतोय! उबीनच्या धक्क्याला बाकीचे उतरले आणि हा बोटवाल्या अंकलला गाठून बसला. अंकल म्हातारा, सिगरेट न पेटवता ओठात धरलेली. तो हात हलवून सांगत होता, नो नीड, नो नीड, उद्या मेकॅनिक येणार आहे. पण फुकट सल्ला देणारा मराठी माणूस असा ऐकतो होय? धम्मदीपनं इंजिन चालू ठेवायला सांगितलं, खोक्याचं झाकण उघडलं आणि आत वाकला. ऋचा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पापा, डोन्ट लाह. सो एम्बरॅसिंग."

मी धक्क्यावर सायकलींच्या दुकानाकडे तोंड करून उभी होते, त्यामुळे नेमकं मला दिसलं नाही. पाना मागितलेला ऐकू आला. मग इंजिनाचा आवाज एकदम सुतासारखा सरळ झाला, अंकलनं अंगठा दाखवला आणि आमचे साहेब चड्डीला हात पुसत वर आले. चेहरा असा, की जणू वर्ल्ड कप जिंकलाय.

सायकली घेतल्या, निघालो. दोन्ही बाजूंना नारळाची झाडं, मधूनच एखादं पत्र्याच्या छपराचं घर, ओट्यावर कोंबड्या. ऋचा पुढे, धम्मदीप माझ्या शेजारून. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, हा उजव्या हाताचं पहिलं बोट हँडलवर टेकवत नाहीये. बोट आपलं सरळ, हवेत.

"काय झालं बोटाला?"

"काही नाही गं. काटा लागला असेल."

"बोटीत कुठला काटा?"

त्यानं पेडल जोरात मारलं. मी सायकल आडवी घातली. त्याचा हात धरून बघितला. पेरावर एक लाल ठिपका, डास चावल्यासारखा. पण बोट पांढुरकं झालं होतं आणि दाबून बघितलं तर टणक लागलं. रक्ताचा थेंबसुद्धा नव्हता.

"धम्मदीप, तू इंधनाच्या नळीवरून बोट फिरवलंस? इंजिन चालू असताना?"

"एका सेकंदासाठी. नट कुठला सैल आहे ते कळेना. इथे पुठ्ठा कुठे मिळणार होता?"

"ऋचाचा जूसचा बॉक्स होता की समोर!"

"अगं, जुनं इंजिन आहे ते. आमच्या लॅबमधल्यापेक्षा दाब कितीतरी कमी."

"कातडी फोडायला पुरेल एवढा आहे का, तेवढं सांग."

यावर त्याचं उत्तर मला माहीत होतं, कारण ते स्लाइड चारवर आहे. तो खाली मातीकडे बघत म्हणाला, "दुखत नाहीये खरंच. घरी गेल्यावर बघू."

मला भीती वाटली, आणि भीती वाटली की माझा आवाज चढतो. अख्ख्या उबीनला ऐकू गेलं असेल. "घरी जाऊन झोपणार आहेस का? त्या वेड्यासारखा?" ऋचा सायकल वळवून परत आली, तिनं बापाचं बोट बघितलं आणि ओठ चावला. जेवणाच्या टेबलावर तीही तो फोटो बघतच वाढलीय.

धक्क्यावर परतलो तेव्हा अंकलची बोट तिथेच होती. बारा माणसं होईपर्यंत थांबा, असं तो म्हणणार हे गृहीत धरून मी भांडायच्या तयारीत गेले. ऋचानं त्याला काय सांगितलं कोण जाणे, त्यानं बोटाकडे बघितलं, न पेटवलेली सिगरेट पाण्यात फेकली आणि दोर सोडला. आम्ही तिघंच. इंजिन मात्र सुरेख चालत होतं. मला ते बंद पाडून टाकावंसं वाटत होतं.

टॅक्सीत त्याचं बोट सुजायला लागलं. आता दुखत असणार, कारण तो दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरून बसला होता.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत पहिल्या खिडकीवर नर्स. काय झालं, तिनं विचारलं. आणि माझा नवरा, दोनशे माणसांसमोर माइक घेऊन बोलणारा माझा नवरा, पुटपुटला, "स्मॉल प्रिक. थॉर्न, मे बी."

नर्सनं ठिपका बघितला, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते विचारलं, आणि बसा, नंबर येईल म्हणाली. तिचं काय चुकलं? काटा म्हटल्यावर ती तरी काय करणार? हॉल गच्च भरलेला होता. धम्मदीप जाऊन बसलासुद्धा.

"खरं का सांगत नाहीस?" मी विचारलं.

"लॅबमध्ये कळलं तर, संजीवनी? मी शिकवतो गं हे. मीच शिकवतो."

म्हणजे लाज. बोट जाईल ते चालेल, लाज जाता कामा नये. असा संताप आला ना मला! त्याच्या खिशातून मोबाइल ओढला, ज्या फोटोला इतकी वर्षं डिलीट कर, डिलीट कर म्हणत आले, तो शोधला आणि रांग तोडून नर्ससमोर धरला. "दिस," मी म्हटलं. "सेम थिंग. डिझेल. हाय प्रेशर. नॉट थॉर्न." नर्सनं फोटो बघितला, त्याच्याकडे बघितलं आणि फोन उचलला. पुढे सगळं पळापळीतच झालं. हाताचे सर्जन आले, त्यांनी विचारलं, डिझेल नक्की ना? तेव्हा कुठे धम्मदीपनं तोंड उघडलं आणि इंजिन, नळी, अंदाजे दाब, सगळं व्यवस्थित सांगितलं. व्याख्यानासारखं. आवाज तेवढा फुटला होता.

बोट चिरावं लागलं, आतलं धुऊन काढावं लागलं, आणि नंतर पुन्हा एकदा तेच. बोट वाचलं. वाकत मात्र नाही. घरी जाऊन झोपला असता तर कापावं लागलं असतं, असं सर्जन मला सरळच म्हणाले.

पहिल्या ऑपरेशननंतर तो शुद्धीवर आला, तेव्हा मी मनात एक लांबलचक शिव्यांची माळ ओवून तयार बसले होते. त्यानं बँडेजकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्याचं नाव काय असेल गं?"

"कुणाचं?"

"फोटोतल्या माणसाचं. किती वर्षं त्याला सगळीकडे दाखवत फिरलो. वेडा म्हणत होतो मी त्याला." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तोही कुणाला तरी घाबरला असेल."

माझ्या शिव्या राहून गेल्या. मी त्याचा दुसरा हात धरला आणि बसून राहिले.

मागच्या महिन्यात अनीश नावाचा एक मुलगा जेवायला आला होता. पुण्याचा, दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये रुजू होणारा. मी रस्सा वाढायला घेतला आणि धम्मदीपनं मोबाइल काढला. डाव्या हातानं, कारण उजव्यानं आता जमत नाही. फोटो वेगळा होता. हात तसाच, चिरलेला, पण खालची ओळ बदललेली. तिथे एक पूर्ण नाव होतं, आडनावासकट, आणि पुढे 'सुरक्षा प्रशिक्षक'. त्याखाली लिहिलं होतं, 'याला सगळं माहीत होतं.'

"बाप रे. कोण हा?" खालची ओळ न वाचताच अनीशनं विचारलं.

धम्मदीपनं उजवा हात ताटाशेजारी ठेवला. बोट सरळच राहिलं.

मी रस्सा वाढला. या खेपेला डिलीट कर म्हणाले नाही.