विकलेल्या मोटारीचा हार

कर्ज फिटत नाही म्हणून नादारीचा अर्ज करताना यांनी कोर्टात शपथेवर सांगितलं, मोटार भोरच्या उस्मानभाईंना केव्हाच विकली. मग ती सुरू करायचं हँडल अजून आमच्या खाटेखाली कसं, हे मला कळेना.

दसऱ्याला यांनी झेंडूचे दोन हार आणले. एक दाराला लावला, दुसरा पिशवीत लपवून निघाले. तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन मी मागोमाग गेले. उस्मानभाईंच्या छपराखाली हे मोटारीला हार घालत होते.

"उस्मानभाई, मोटार कुणाची?"

"कोर्टानं इचारलं तर माजी, वैनी!" ते हसले.

"खोटी शपथ उघडी पडली तर तुरुंग आहे," मी यांना म्हणाले. "कोर्टाची दसऱ्याची सुट्टी संपताच तिथं खरं सांगा, नाहीतर मी सांगेन."

यांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि "सांगतो" म्हणत हार काढून माझ्या हातात दिला.