पदवीच्या वर्षाचा रकाना

मित्रांनो, अक्षदाचा हिशोब सरळ होता. दादा, म्हणजे यज्ञेश, कॉम्प्युटरच्या पदवीला तीन वर्षं घालत होता. ती बारावीनंतर सहा महिन्यांचा कोडिंगचा कोर्स करून पगार घरी आणणार होती. नफा अडीच वर्षांचा. मी या घरातला जुना लॅपटॉप. हा हिशोब ऐकून माझा पंखा उगाच घरघरला.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. एका ऑफिसने मला टाकून दिलं, कॅम्प ४ च्या बाजारातल्या एका जुन्या मालाच्या दुकानदाराने नवी बॅटरी घातली आणि मी बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, अक्षदाच्या वडिलांच्या, अनंताबाबांच्या घरी आलो. खरं तर यंदा माझ्या जागी नवा यायचा होता. ते पैसे अक्षदाच्या शहाडच्या कोडिंग क्लासला गेले, म्हणून माझी नोकरी टिकली.

सकाळी यज्ञेश माझ्यावर नोट्स वाचायचा आणि प्रोग्रॅम मित्राचा उतरवायचा. संध्याकाळी अक्षदा बसायची. तिच्या बोटांनी माझ्या बटणांवरची अक्षरं पुसली गेली. खोटं कशाला सांगू, पोरगी शिकली! चूक सापडली की मला थोपटून म्हणायची, "म्हातारबा, जमलं!"

मग नोकरीचे अर्ज सुरू झाले. प्रत्येक अर्जात एक रकाना: 'पदवीचे वर्ष'. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. यज्ञेशचा अर्ज पुढे जायचा आणि तो कंपनीच्या कोडिंगच्या परीक्षेत आपटायचा. अक्षदा दारातच अडकायची. दोघांना जोडलं असतं तर एक उमेदवार तयार झाला असता.

तिने क्लासच्या हितेश सरांना फोन केला. "सर, तुम्हीच बोललेलात ना, डिग्री कोण विचारतं?"

"अगं, टाक ना कुठलंही वर्ष! नंतर कोण बघतंय?"

तिने टाकलं. माझ्याच बटणांवर. परीक्षेत पहिली आली, निवडही झाली. सरांनी लगेच तिचा फोटो क्लासबाहेरच्या बॅनरवर चढवला. ती मात्र आठ दिवस दर तासाला मला उघडून मेल बघायची.

नवव्या दिवशी मेल आला. रुजू होताना पदवीची मार्कशीट आणा.

"बारावीची चालेल ना गं? मार्क चांगले आहेत," अनंताबाबा म्हणाले.

"नाही बाबा. मी खोटं लिहिलंय."

"माझी घे. नाहीतरी पडूनच आहे," यज्ञेश तिला हसवायला म्हणाला.

अक्षदाने खरं काय ते लिहून पाठवलं. नोकरी गेली.

मित्रांनो, माझा पंखा पुसा, गादीवर ठेवून माझी हवा कोंडू नका, एवढं मागायचा मला हक्क आहे. पण क्लास असो की कॉलेज, पैसे भरण्याआधी हव्या त्या नोकरीचा अर्ज उघडून शेवटपर्यंत वाचा. शिकवतं कोण आणि आत घेतं कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आता जमाखर्च. सरांचा बॅनर अजून लटकतोय. क्लासची फी बाबांनी भरली. एक वर्ष अक्षदाचं गेलं. ती आता पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी दादाला कोड लिहायला शिकवते. दादा दिवसभर अंबरनाथच्या एका कपड्याच्या दुकानात बिलं करतो. तिच्या कॉलेजची फी त्याने भरली.