दरोगाची भाकरी

औरंगपुऱ्यातल्या कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहून बद्रीनाथ घरी निघायचा, तेव्हा त्याच्या पायांत गोळे आलेले असायचे. गिऱ्हाइकानं ढीगभर साड्या उलगडायला लावल्या आणि काही न घेता उठलं, तरी हसून निरोप द्यायचा, असा मालकाचा शिरस्ता. त्यामुळे संध्याकाळपर्यंत बद्रीनाथचं सगळं हसू दुकानातच खर्ची पडलेलं असायचं. सिडकोतल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी आला, की दरोगाचं भुंकणं कानावर यायचं. मग त्याला वाटायचं, स्कूटर तशीच वळवावी आणि कुठंतरी निघून जावं.

दरोगा हा त्याच्या आईचा कुत्रा. साळूबाई सोयगावकडच्या शेतवस्तीवर, नवरा गेल्यावरही बरीच वर्षं एकटी राहिली होती. गुडघे थकले तेव्हा बद्रीनाथनं तिला शहरात आणलं, आणि तिनं कुत्र्याला आणलं. रानात दरोगाचा मोठा मान होता. परका माणूस बांधावर दिसला, की तो आभाळ डोक्यावर घ्यायचा. इथं गल्लीत मात्र सगळेच परके. दूधवाला, गॅसवाला, शाळेची पोरं, दुसऱ्यांची कुत्री, कुणीही फाटकासमोरून गेलं की दरोगा साखळी ताणून भुंकायचा. बद्रीनाथ त्याच्यावर खेकसायचा, काठी हाणायचा. मार खाऊन कुत्रा घडीभर कोपऱ्यात बसायचा आणि पुढचा माणूस दिसला की दुप्पट जोरानं उठायचा. रोज मरे त्याला कोण रडे, अशी त्या घराची गत झाली होती.

एके दिवशी साखळी खुंटीतून निसटली. दरोगा समोरच्या अनंतरावांच्या अंगावर धावला. चावला नाही, पण ते बिचारे पडले आणि त्यांचं कोपर सोलवटलं. अनंतराव कोर्टातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी शांतपणे सांगितलं, रविवारपर्यंत कुत्र्याची सोय लावा, नाहीतर मला तक्रार द्यावी लागेल. त्यांचं काही चुकत नव्हतं.

बद्रीनाथनं मग ठरवून टाकलं. ओळखीचा टेम्पोवाला फकिरा रविवारी दरोगाला वेरूळला नेऊन सोडणार होता. तिथं लेणी बघायला येणारे लोक बिस्किटं टाकतात, कसंही जगेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. आईला यातलं काही सांगितलं नाही. वाटेत कुत्रा बिथरू नये म्हणून गुंगीचं इंजेक्शन मागायला तो जनावरांच्या डॉक्टर कालिंदीताईंकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, की कुत्र्याला बघितल्याशिवाय मी सुई लावत नाही.

शनिवारी दुपारी, बद्रीनाथ रजा काढून घरी असताना, त्या आल्या. दरोगापासून लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्याकडे न बघता बसून राहिल्या. थोड्या वेळानं गल्लीतून एक भाजीवाला गेला. दरोगाचं तोंड मिटलं, कान टवकारले, अंग ताठ झालं आणि तो भुंकत सुटला. बद्रीनाथनं सवयीनं काठी उचलून दणका दिला. त्याच वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून भाकरीचा एक तुकडा येऊन दरोगापुढं पडला.

बद्रीनाथ बघतच राहिला. इतके महिने एकाच घरात राहून त्याला हे दिसलं नव्हतं!

"काका, एकाच भुंकण्याला तुम्ही काठी देता आणि आजी भाकरी देतात," कालिंदीताई म्हणाल्या. "त्यानं ऐकायचं कोणाचं? आणि तो माजलाय म्हणून भुंकतो असं समजू नका. तो घाबरलाय. शेपूट बघा, पोटाखाली गेलंय. माणूस दिसला की काठी बसते, म्हणजे माणूस वाईट, एवढंच तो तुमच्याकडून शिकलाय."

बद्रीनाथ आईवर चिडला. म्हणाला, "माय, त्याला लाडावून ठेवलंस म्हणून त्याला उद्या वेरूळला सोडायची पाळी आलीय."

साळूबाई दारात आली. तिला हे आत्ताच कळत होतं. ती उंबऱ्याला धरून हळूच खाली बसली.

"रानात एकटी व्हते, बद्री. त्यो भुंकला की तुकडा टाकायचे, म्हंजी जागा राहील. त्याच्या भुंकण्यावर माझी झोप व्हती. इथं तू दिवसभर कामाला जातोस. दार वाजलं की माझ्या काळजात धस्स व्हतं. मीबी भेते. मग मला कुठं सोडशील?"

बद्रीनाथनं हातातली काठी खाली ठेवली. दिवसभर परक्यांशी गोड बोलणारा माणूस, घरी आल्यावर आईला 'कशी आहेस' एवढंही विचारत नव्हता. थकव्यापायी आपण कोणाकोणावर काठी उगारली, हे त्याला त्या उंबऱ्यापाशी कळलं आणि त्याला आपली लाज वाटली.

कालिंदीताईंनी मग समजावून सांगितलं. भाकरी द्यायची, पण भुंकल्यावर नाही, त्याच्या आधी. माणूस लांब असतानाच दरोगाला दिसू द्यायचा आणि तो गप्प आहे तोवर तुकडा द्यायचा. अंग ताठ झालं तर ओरडायचं नाही, त्याला आणखी मागं न्यायचं. साखळी फाटकाजवळ बांधायची नाही. काठी अडगळीत टाकायची. "घाई केलीत तर सगळं मुसळ केरात," त्यांनी बजावलं.

बद्रीनाथनं फकिराला येऊ नको म्हणून कळवलं, अनंतरावांकडे जाऊन हात जोडले आणि थोडी मुदत मागितली. त्यांनी नाखुशीनं दिली. काम कुत्र्यापेक्षाही अवघड निघालं. आज जमलं म्हणावं, तर उद्या एखादा फटाका वाजायचा आणि सगळं पुन्हा मूळपदावर यायचं. दुकानातून आल्यावर पाय उचलत नसत, तरी बद्रीनाथ दरोगाला घेऊन मोकळ्या मैदानाच्या कडेनं चालायचा. दिवसा साळूबाई अंगणात लांब बसून गल्ली बघायची. कुणी वळणावर दिसलं, की पदरातला तुकडा पुढं करायची. असं करता करता दूधवाला कोण, भाजीवाला कोण, हे तिलाही कळू लागलं.

हिवाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी अनंतराव फाटकासमोर येऊन थांबले. दरोगा उठला. त्यानं कान टवकारले. दरोगानं अनंतरावांकडे बघितलं, मग मान वळवून साळूबाईकडे बघितलं आणि तिथंच बसला. तिनं तुकडा दिला.

"आजी, बऱ्या आहात ना?" अनंतरावांनी विचारलं. ती गल्लीत राहायला आल्यापासून हे तिला पहिल्यांदाच शेजारचं कुणीतरी विचारत होतं.

"बरी हाय. या, चहा घ्या," साळूबाई म्हणाली.

मित्रहो, दरोगा आजही एखादे वेळी भुंकतो. बद्रीनाथचे पाय आजही दुखतात. पण जे भितं तेच अंगावर येतं, आणि भ्यालेल्याला काठीनं शहाणं करता येत नाही, हे त्या घरानं ओळखलं. मुकं जनावर असो की घरातलं म्हातारं माणूस, त्याची भीती आधी समजून घेऊ या. परवा साळूबाई दुपारी दार सताड उघडं टाकून निजली होती, आणि दरोगा तिच्या पायाशी घोरत होता.